मदत हवी आहे: गच्चीवर सोलार असेल तर तारांचं भाडं किती द्यायचं?

नमस्कार. प्रश्न अर्धा हिशोबाचा आहे आणि अर्धा शेजारधर्माचा. हिशोब मला जमतो, दुसऱ्या अर्ध्यात अडकलेय.

मागच्या वर्षी गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलार बसवलं. एक लाख नव्वद हजार लागले, त्यातले ७८ हजार पीएम सूर्यघर योजनेतून परत आले. आधी महिन्याला २८० युनिटच्या आसपास वापर होता आणि बिल तीन-सव्वातीन हजार यायचं. मे महिन्याचं बिल आलं दीडशे रुपयांच्या आतबाहेर. स्थिर आकार आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क, बस्स. वीज आकार शून्य, वहन आकार (म्हणजे तारांचं भाडं) तोही शून्य. बिल फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू.

शेजारी एक मावशी एकट्या राहतात. दोन ट्यूब, एक पंखा, टीव्ही. महिन्याला ९० युनिट. त्या दुधाची पिशवी द्यायला आल्या आणि फ्रिजवरचं ते बिल वाचत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अगं, एवढ्या मोठ्या घराला दीडशे? मला साडेसातशे येतात. मग खांब, तारा, डीपी हे सगळं कोणाच्या पैशानं चालतं?"

मी हसून वेळ मारून नेली. रात्री मात्र नेट मीटरचे (बाहेर दिलेले युनिट आत घेतलेल्यातून वजा करणारा मीटर) आकडे घेऊन बसले. मे महिन्यात पॅनेलनी ३४० युनिट केले. त्यातले ९० घरातच वापरले, २५० बाहेर गेले. संध्याकाळनंतर आम्ही १९० युनिट तारेवरून आत घेतले. म्हणजे जाता-येता ४४० युनिट त्याच तारेवरून फिरले आणि आम्ही वहन आकार भरला शून्य! मावशींनी त्यांच्या ९० युनिटवर तो पुरता भरला. महावितरणच्या २०२४-२५ च्या दराने युनिटला १.१७ रुपये धरले, तर माझ्या आत घेतलेल्या युनिटांचेच २२२ रुपये होतात.

तर विचारायचं असं:

ग्रिडसाठी, म्हणजे ह्या तारांच्या जाळ्यासाठी, वेगळा आकार आमच्यासारख्यांना लागणार आहे का? मिस्टर आणखी २ किलोवॅट वाढवायचं म्हणताहेत, म्हणून आधी कळलेलं बरं. आणि मावशींचं म्हणणं बरोबर आहे का? सोलार विकणाऱ्यांनी कृपया उत्तर देऊ नये, त्यांचं उत्तर मला पाठ आहे.

प्रतिसाद १

ताई, माझी सगळी नोकरी खांबावरच झाली, म्हणून लिहितो. दुपारी लाईट गेली की तुमचं सोलारही बंद पडतं ना? ते मुद्दाम तसं केलेलं असतं, नाहीतर तारेवर चढलेल्या माणसाला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. म्हणजे ऊन कितीही असो, बॅटरी नसेल तर ग्रिडशिवाय तुमचा पंखा फिरत नाही. रात्री मोटर सुरू होताना जो झटका लागतो तोही ग्रिडच सोसतं. ग्रिड ही तुमची बॅटरी आहे, आणि ती फुकट पडत नाही.

आता नियम. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे रूफटॉपचे (गच्चीवरच्या सोलारचे) नियम २०१९ सालचे. त्यात ग्रिड सपोर्ट चार्जची, म्हणजे तुम्ही विचारताय त्या वेगळ्या आकाराची, तरतूद आहे, पण राज्यातलं रूफटॉप ५,००० मेगावॅटला पोचेपर्यंत तो लावायचा नाही आणि ज्यांचा मंजूर भार (बिलावर लिहिलेली जोडणीची क्षमता) १० किलोवॅटपर्यंत आहे त्यांना सूट, असं त्यात लिहिलंय. तुम्ही ५ किलोवॅट केलं तरी त्या सुटीतच बसता. शिवाय केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार ५ किलोवॅटपर्यंतच्या सोलारसाठी लाईन किंवा डीपी बळकट करावी लागली तर खर्च वितरण कंपनीचा. तो पैसा शेवटी सगळ्यांच्याच बिलातून येतो, हे मावशींना सांगू नका.

प्रतिसाद २

वरच्या दादांना मान देऊन थोडं उलट बोलतो. तुमचे दुपारचे २५० युनिट कुठे गेले? फार लांब नाही. त्याच डीपीवरच्या घरांत, कदाचित मावशींच्याच पंख्यात. ते लांबच्या वीज केंद्रातून आणावे लागले नाहीत, वाटेत गळती झाली नाही. ह्याचे पैसे तुम्हाला कोणी देतं का? नाही. मग फक्त भाड्याचाच हिशोब का मांडायचा?

खरी मेख स्लॅबमध्ये आहे. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिले १०० युनिट ४.७१ रुपयांनी आणि पुढचे ३०० पर्यंतचे १०.२९ नी होते. मावशींना वीज स्वस्त पडते कारण तुमच्यासारखे वरचे युनिट महाग घेत होते. आता तुम्ही ते घेणं बंद केलं. तारांचा खर्च स्थिर आकारातून पुरता निघत नाही, बराचसा युनिटच्या दरात दडलेला असतो. युनिट शून्य झाले की तोही गेला. पण ही चूक तुमची कशी? दर तसा बांधणाऱ्यांची आहे.

माझा पुतण्या कॅलिफोर्नियात आहे. तिथे १५ एप्रिल २०२३ पासून अर्ज करणाऱ्यांना बाहेर पाठवलेल्या युनिटचा मोबदला खूपच कमी केला. त्यानं आधी अर्ज केला होता म्हणून वाचला, त्याच्या शेजाऱ्याला मात्र बॅटरी घ्यावी लागली. तिथेही भांडण हेच, फक्त मावशी इंग्रजीत बोलतात.

प्रतिसाद ३

२ किलोवॅट कशासाठी वाढवताय? मे मध्येच तुमचे ६० युनिट जास्त झालेत. पावसाळ्यात ते वापरले जातील, पण ३१ मार्चला जे उरतील ते पुढच्या वर्षात जात नाहीत. आयोगाने ठरवलेल्या दराने त्यांचे पैसे होतात, आणि तो दर तुमच्या दहा रुपयांच्या युनिटच्या आसपासही नसतो. एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तरच वाढवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. स्कूटर दिवाळीला घ्यायची आहे, पण ती एवढी वीज खाणार नाही, म्हणून २ किलोवॅट तूर्त रद्द. मिस्टरांना प्रतिसाद ३ वाचून दाखवला, "बघू" म्हणाले, म्हणजे पटलं.

पहिल्या दोघांचं वाचून माझं मत असं झालंय की आत घेतलेल्या युनिटांवर वहन आकार लावला तर मी कुरकुर न करता भरेन. दोन-सव्वादोनशेच होतात. पण माझं दुपारचं युनिट कवडीमोलानं घेऊन रात्री दहा रुपयांनी विकणार असतील, तर त्याला भाडं नाही म्हणत.

आता एकच विचारते. मावशींचं घर एकमजली आहे, आमच्या पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर त्यांच्या पत्र्यावर पडते. ९० युनिटच्या वापराला १ किलोवॅट बसवलं, ३० हजार अनुदान धरलं, तर त्यांचे पैसे किती वर्षांत वसूल होतील? स्वस्त स्लॅबमुळे मला ते गणित फार लांब जाताना दिसतंय. कोणी बसवलंय का एवढ्या कमी वापरावर?