प्रतिसाद: सॉलोमन बेटं आणि फिजीचं लाकूड

पॅसिफिक महासागरातली सॉलोमन बेटं शेजारच्या फिजी या बेटांच्या देशापेक्षा कितीतरी जास्त लाकूड निर्यात करतात, म्हणजे त्यांचा धंदा जास्त यशस्वी, हा मुद्दा मला पटत नाही. दोघांचं लाकूड वेगळं आहे.

सॉलोमनचा बहुतेक माल नैसर्गिक जंगलातला. २०१० नंतरच्या दशकात तिथून वर्षाला २० लाख घनमीटरांहून जास्त लाकूड गेलं, तेही मुख्यतः न कापलेल्या ओंडक्यांच्या रूपात आणि बहुतांश चीनला. जंगल टिकवून काढता येईल असं प्रमाण जेमतेम अडीच-तीन लाख घनमीटर मानलं जातं. म्हणजे हे उत्पन्न नाही, मुद्दल खाणं आहे. शिवाय सॉ मिलमधला रोजगार आणि नफाही ओंडक्याबरोबर जहाजात चढतो. तिथली ८० टक्क्यांहून जास्त जमीन कुळांच्या परंपरागत मालकीची आहे. तरी गावाच्या वाट्याला जंगलतोडीनं गढूळ झालेला ओढा येतो, याचं फार वाईट वाटतं.

फिजीची भिस्त मुख्यतः लागवडीच्या लाकडावर, म्हणजे पाइन आणि महोगनीवर. महोगनीचं झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. ब्रिटिश काळात, १९५०-६० च्या दशकांत त्याची मोठी लागवड झाली. ते गिटारसाठीही वापरलं जातं. तोडलं की पुन्हा लावता येतं, हा मोठा फरक.

पण फिजीतही सगळं आलबेल नव्हतं. २००० साली फिजीचं सरकार उलथवणाऱ्या बंडाचा म्होरक्या जॉर्ज स्पाइट आधी सरकारी हार्डवुड कंपनीचा अध्यक्ष होता, आणि महोगनीचं कंत्राट कुणाला द्यायचं यावरून तेव्हा जोरदार ओढाताण चालू होती. तुलना करायचीच तर घनमीटरांऐवजी एका घनमीटरामागे जमीनमालकाच्या हाती काय पडतं, त्याची करा.