‘न्यूक्लिअर इम्पोर्ट’ला मराठीत काय म्हणावं: आयात, प्रवेश की आणखी काही?

लालबागकर
मराठी माध्यमातून दहावी झालेल्या काही मुलांना मी घरी अकरावीचं जीवशास्त्र शिकवते. परवा पेशीच्या केंद्रकात प्रथिनं कशी जातात ते सांगताना ‘आयात’ म्हणाले. एका मुलीने लगेच विचारलं, “बाई, आयात म्हणजे परदेशातून ना? मग ही प्रथिनं दुसऱ्या पेशीतून येतात का?”

चूक तिची नव्हती, शब्दाची होती. आयात म्हटलं की मुंबईच्या पोराला बंदर आठवणार, न्हावा शेवाचे कंटेनर आठवणार. इथे तर प्रथिन त्याच पेशीत, पेशीद्रव्यातल्या रायबोसोमवर बनतं. घरचाच जिन्नस आतल्या खोलीत जातो. ‘प्रवेश’ म्हणावं तर प्रथिन आपणहून आत गेलं असं वाटतं. साधारण ४० किलोडाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक) पर्यंतचे रेणू तसे जाऊ शकतात, त्याहून मोठ्यांना कुणीतरी न्यावं लागतं. ‘शिरकाव’ला चोरीचा वास येतो. काय म्हणावं?

परळकर
आधी ‘छिद्र’ बदला. केंद्रकाच्या आवरणातल्या वाटेला आपण केंद्रकछिद्र म्हणतो, पण मराठीत छिद्र म्हटलं की दोषही आठवतो, छिद्रान्वेषी म्हणतो तसा. आणि ही वाट म्हणजे जवळजवळ तीस प्रकारच्या प्रथिनांनी, आठ समान भागांत रचलेलं बांधकाम आहे. पर्णरंध्र शब्द शाळेपासून ओळखीचा आहे. केंद्रकरंध्र म्हणा.

दुसरं, नुसतं ‘वाहक’ लिहू नका. बेस्टच्या बसमधला वाहक तिकीट देतो, गाडी चालवतो तो चालक. मुलांच्या डोळ्यांपुढे तिकिटाचं यंत्र येईल. ‘वाहक प्रथिन’ असं पूर्ण लिहिलंत तर चालेल. केंद्रकात माल नेणाऱ्या वाहक प्रथिनाचं इम्पोर्टिन हे नाव १९९४ मधलं. त्याच घराण्याला कॅरिओफेरिनही म्हणतात: ग्रीकमध्ये ‘कॅरिऑन’ म्हणजे कवचाच्या फळातला गर आणि ‘फेरेन’ म्हणजे वाहणे. लॅटिन ‘न्यूक्लिअस’चा मूळ अर्थही तोच, गर. आपण मात्र ‘केंद्र’ घेतलं, आणि गंमत अशी की केंद्र हा शब्दही संस्कृतात ग्रीकमधूनच आला. ‘गाभा’ आपला होता.

गिरगावकर
गाभा छान, पण आता केंद्रक रुळलाय, त्याला हात नको.

मला खुणेबद्दल बोलायचंय. ‘मला केंद्रकात न्या’ असं सांगणारा अमिनो आम्लांचा (प्रथिन ज्यांचं बनतं त्या घटकांचा) जो छोटा क्रम प्रथिनावर असतो त्याला ‘परवाना’ म्हणू नका. परवाना वरून मिळतो, ही खूण प्रथिनाच्या अंगातच असते. एसव्ही ४० विषाणूच्या एका प्रथिनात ती सात अमिनो आम्लांची सापडली, त्यातली पाच लायसिन आणि आर्जिनिन. त्यातलं एक लायसिन बदललं तरी प्रथिन बाहेरच अडकतं.

माझे आजोबा चर्चगेटला डबा मागवायचे. झाकणावर रंगाने अक्षरं-आकडे रंगवलेले असत, डबा पोचला म्हणून ते कुणी पुसत नसे, दुसऱ्या दिवशी तीच खूण कामाला. इथेही तसंच. मायटोकॉन्ड्रियात (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात) जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांची खूण आत गेल्यावर कापली जाते, केंद्रकात जाणाऱ्याची राहते. आपल्या पेशींत विभाजनाच्या वेळी केंद्रकाचं आवरण विरघळतं, सगळं मिसळतं, नवं आवरण झालं की त्याच प्रथिनांना पुन्हा आत न्यायचं असतं. म्हणून ‘खूण’च म्हणा, ‘पत्त्याची खूण’.

लालबागकर
‘डबा पोचला’ वाचलं आणि शब्द सापडला: पोच.

पोच म्हणजे पोचणं, आणि माल मिळाल्याची कबुलीही. इथे दोन्ही लागतात. इम्पोर्टिन-अल्फा खूण ओळखतं, इम्पोर्टिन-बीटा त्याला धरून रंध्रातून नेतं. पण आत आलोय हे कळतं कसं? केंद्रकात रॅन नावाचं लहान प्रथिन जीटीपी (ऊर्जा साठवणारा एक छोटा रेणू) बांधलेल्या रूपात, म्हणजे रॅन-जीटीपी म्हणून, भरपूर असतं, कारण त्याला ते रूप देणारं प्रथिन केंद्रकातल्या क्रोमॅटिनला (डीएनए आणि प्रथिनांच्या गुंत्याला) धरून असतं. जीटीपी फोडायला लावणारं प्रथिन बाहेर पेशीद्रव्यात. रॅन-जीटीपी येऊन इम्पोर्टिन-बीटाला बिलगला की माल सुटतो. तीच पोच. ती बाहेर मिळत नाही, म्हणून माल वाटेत उतरत नाही.

परळकर
‘त्याला पोच नाही’ म्हणजे समज नाही, हा अर्थ आडवा येईल ना? आणि रायबोसोमची प्रथिनं आत जातात, केंद्रकीत (केंद्रकातल्याच एका भागात) आरएनएशी जुळतात, मग रायबोसोमचे भाग होऊन बाहेर येतात. तिथे ‘पोच’ अपुरा.

लालबागकर
तिथे ‘ने-आण’. आणि समजेचा अर्थ आडवा येत नाही, ‘केंद्रकात पोच’ म्हटलं की तो गळतो. त्या मुलीला फोनवर वाक्य वाचून दाखवलं: “पत्त्याची खूण असलेलं प्रथिन वाहक प्रथिनं केंद्रकरंध्रातून आत नेतात आणि रॅन-जीटीपी भेटल्यावर पोच होते.” ती म्हणाली, “म्हणजे इथलंच, फक्त आत.”