मदत हवी आहे: जुनी गाडी स्क्रॅप करून नवी घेतोय, सूट नक्की देतं कोण?

चिंचवडकर_७
नमस्कार, जरा लवकर सांगा प्लीज, शोरूमवाल्याने रविवारपर्यंतची ऑफर दिलीय. जुनी वॅगन आर आहे, पार्किंगमध्ये पडून आहे, सोसायटीवाले मागे लागलेत. नवीन गाडी ठरलीय, पेट्रोलच, आठ लाख एक्स शोरूम. वाचलंय की जुनी स्क्रॅप केली की टॅक्समध्ये २५ टक्के सूट, कंपनीकडून ५ टक्के, रजिस्ट्रेशन फी माफ आणि वर भंगाराचे पैसे. शोरूममधला पोरगा म्हणतो सर ते आरटीओ देतं, आरटीओबाहेरचा एजंट म्हणतो ते डीलरनेच लावायचं असतं. शिवाय एक्स्चेंज बोनस ४० हजार सांगितलाय तो वेगळा. माझ्या हिशोबाने सगळं मिळून लाखाच्या वर जातंय. मला फक्त एवढंच सांगा की सूट कोणाकडे मागायची. फाटे फोडू नका ही विनंती.

घाटरस्ता
गाडी कितव्या सालची? पेट्रोल की डिझेल? आरसी कोणाच्या नावावर? चालू आहे का?

निवांत काका
कसली सूट घेऊन बसलात, ती गाडी रस्त्यावर आणलीत तर उचलून नेतील. डिझेल १० वर्षं, पेट्रोल १५ वर्षं, संपलं. पंपावर पेट्रोलसुद्धा देत नाहीत आता, कॅमेरे लावलेत.

घाटरस्ता
काका ते दिल्ली एनसीआरचं. तिथे एनजीटी (हरित लवाद) आणि मग सुप्रीम कोर्टाचा आदेश होता, आणि पंपावरची बंदीसुद्धा जुलै २०२५ मध्ये सुरू करून आठवड्याच्या आत थांबवली. आपल्याकडे १५ वर्षांनी गाडी दाखवून, फी आणि पर्यावरण कर भरून पुढची ५ वर्षं मिळतात. कारची फी पूर्वी ६०० होती ती एप्रिल २०२२ पासून ५ हजार केली, एवढाच काय तो चिमटा.

निवांत काका
आज दिल्लीत, उद्या पुण्यात. बघाल.

गॅरेज बंडू
वॅगन आर स्क्रॅप?? कोणी सांगितलं राव. २०१० नंतरची असेल तर त्यात के सिरीज इंजिन आहे, ते मरत नाही. बॅटरी बदला, पेट्रोलच्या टाकीत जुनं पेट्रोल असेल ते काढा, प्लग साफ करा आणि विका. सातारा, फलटण साईडला असल्या गाडीला आजही गिऱ्हाईक उभं असतं, भंगारापेक्षा दुप्पट तरी मिळतील. चालू गाडी कापायला देणं म्हणजे पाप आहे.

चिंचवडकर_७
विकायची नाहीये हो. स्क्रॅपच करायचीय, म्हणून तर विचारतोय. २०११ सप्टेंबरची आहे, पेट्रोल, बॅटरी डाऊन म्हणून चालू नाही. आरसी वडिलांच्या नावावर आहे पण त्याचा इथे काय संबंध? टॅक्स तर मी नवीन गाडीचा भरणार आहे.

आरटीओचा वारकरी
संबंध आहे, त्यावर येतो. आधी पैशाचं बघू कारण तुमचा लाखाचा हिशोब जमत नाही.

२५ टक्के हा केंद्राच्या नियमातला आकडा आहे, "२५ टक्क्यांपर्यंत" असा, प्रत्यक्षात किती ते राज्य ठरवतं. महाराष्ट्रात २०२५ मध्ये कॅबिनेटने १५ टक्के केली. दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला वन टाइम टॅक्स ११ टक्के, म्हणजे आठ लाखावर ८८ हजार, त्याचे १५ टक्के १३,२००. संपला टॅक्स. रजिस्ट्रेशन फी माफ म्हणजे ६०० रुपये, त्याला फार टाळ्या वाजवू नका. कंपनीकडचे ५ टक्के हा सरकारने दिलेला नुसता सल्ला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये गडकरींच्या बैठकीनंतर बऱ्याच कंपन्यांनी कबूल केलं ते दीड टक्का किंवा २० हजार, यातलं जे कमी ते, आणि तेही एका वर्षासाठी. आज तुमची कंपनी देते का ते कोटेशनवर लिहून घ्या, तोंडी नको. आणि महत्त्वाचं म्हणजे ही स्क्रॅपची सूट आणि एक्स्चेंज बोनस दोन्ही एकत्र नाही, कारण गाडी कापली की एक्स्चेंजला देणार काय?

आता कोणाकडे मागायची: टॅक्स सूट नवी गाडी पासिंग होताना ऑनलाइन लागते, डीलरच ती फाईल करतो, पण त्यासाठी नोंदणीकृत स्क्रॅप सेंटरचं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (सीडी, म्हणजे गाडी मोडीत जमा केल्याचा दाखला) लागतं. म्हणजे सीडी आधी, नवी गाडी नंतर. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याची पावती चालत नाही.

आणि तुमच्या केसमधला खरा खिळा हा की खाजगी गाडी नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत मोडीत काढली तरच आपल्याकडची सूट. तुमचे १५ या सप्टेंबरला भरतात. रविवारची ऑफर सोडा, ही तारीख बघा.

चार्जिंग पॉइंट
पेट्रोल घेताच कशाला? ईव्ही घ्या, टॅक्स शून्य, समृद्धी, अटल सेतू, एक्सप्रेस वे वर टोल माफ. मी दोन वर्षं चालवतोय, रात्री घरी लावली की सकाळी फुल.

गॅरेज बंडू
झालं, आले.

आरटीओचा वारकरी
ईव्हीला टॅक्सच नाही तर स्क्रॅपची १५ टक्के सूट कशावर लावणार, शून्यावर? धाग्याचा विषय वाचा.

चार्जिंग पॉइंट
म्हणूनच म्हणतोय, भानगडच नको!! ८८ हजार वाचले की सरळ.

न्यू जर्सीहून
इथे २००९ मध्ये कॅश फॉर क्लंकर्स होतं ते आठवलं. साडेतीन किंवा साडेचार हजार डॉलर थेट नव्या गाडीच्या किमतीतून वजा, डीलरच कापून द्यायचा, आरटीओ बिरटीओ काही नाही. एक अब्ज डॉलर ठेवले होते ते एवढ्या झटपट संपत आले की सरकारला आणखी दोन अब्ज घालावे लागले, आणि ऑगस्टअखेर बंद. जुन्या गाडीचं ऑइल काढून त्यात सोडियम सिलिकेटचं पाणी भरायचे आणि इंजिन जाम होईपर्यंत चालवायचे, म्हणजे कोणी परत वापरू नये. चांगल्या चालत्या गाड्या गेल्या तशा, आणि नंतर सेकंडहँड घेणाऱ्यांची बोंब झाली.

गॅरेज बंडू
ऐकूनच पोटात गोळा आला. चालतं इंजिन मुद्दाम जाम करायचं?

चिंचवडकर_७
अमेरिकेचं राहू द्या हो. वारकरी साहेब, मग मी उद्या स्क्रॅप सेंटरला गाडी टो करून नेली तर त्याच दिवशी सीडी मिळेल का?

आरटीओचा वारकरी
वडील सोबत येऊन सही करणार ना?

चिंचवडकर_७
वडील २०१९ ला गेले. घरी आई आणि मी, बहीण नाशिकला.

घाटरस्ता
अहो हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं! मी तेच विचारलं होतं.

आरटीओचा वारकरी
मग आधी आईच्या किंवा तुमच्या नावावर ट्रान्सफर, फॉर्म ३१, मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बहिणीची ना हरकत. काही सेंटरवाले वारसाच्या कागदांवर घेतो म्हणतात, फोन करून विचारा, पण गाडी नेण्याआधी विचारा, टोचे पैसे दोनदा जातात. आणि ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा, एचपी (म्हणजे गाडीवर कर्जाचा बोजा) दिसतंय का, जुनी चलनं आहेत का. सरकारी वाहन पोर्टलवर काही थकलेलं दिसलं तर काम अडकू शकतं.

चिंचवडकर_७
बघितलं. चलन एक आहे, ते भरतो. एचपीमध्ये एका पतसंस्थेचं नाव येतंय. लोन २०१४ लाच फिटलंय, त्यांचं पत्रही कुठेतरी असेल. पैसे दिले विषय संपला, आता परत काय?

अक्का
विषय बँकेच्या बाजूने संपला, आरटीओच्या बाजूने नाही. बोजा उतरवायला फॉर्म ३५ दोन प्रती, पतसंस्थेचा सही शिक्का आणि एनओसी. आमची पतसंस्था तर दुसऱ्या एकीत विलीन झाली होती, शिक्का कोणाचा घ्यायचा यावरच दोन महिने गेले. तुमची अजून उघडी आहे का ते आधी बघून या. जुनं पत्र चालेल असं धरून बसू नका, तारीख विचारतात.

घाटरस्ता
आणि एचएसआरपी (नवीन सुरक्षा नंबर प्लेट) लावलीय का? २०१९ च्या आधीची गाडी आहे, प्लेट नसेल तर एचपी काढणं, नाव बदलणं ही कामं अडवून ठेवतात.

चिंचवडकर_७
म्हणजे जी गाडी कापायचीय तिला आधी ७४५ अधिक जीएसटी भरून नवीन नंबर प्लेट लावायची??

घाटरस्ता
हो.

निवांत काका
मी म्हणत होतो ना.

गॅरेज बंडू
काका तुम्ही दिल्लीचं म्हणत होता. चिंचवडकर भाऊ, प्लेट लावायला गाडी न्यावी लागणार, म्हणजे बॅटरी टाकावीच लागणार. टाकलीत की एकदा चालवून बघा, मग ठरवा कापायची का ते. १३ हजारासाठी एवढा घोळ मी तर घालणार नाही.

चिंचवडकर_७
१३ हजार सोडायला मी काय टाटा बिर्ला नाही. उद्या पतसंस्थेत जातो. अक्का, फॉर्म ३५ वर मूळ मालकाची सही लागते तिथे आईची चालते का?

चार्जिंग पॉइंट
ईव्हीच्या टेस्ट ड्राइव्हला मी स्वतः येतो तुमच्याबरोबर, चिंचवडलाच राहतो.