राउटरच्या बिटाच्या ‘प्रोफाइल’ला मराठीत काय म्हणावे?

चाळकरी : गिरगावातल्या आमच्या खोलीत आजोबांच्या वेळचे सागवानी कपाट आहे. त्याच्या चारपैकी दोन दारे गेल्या पावसाळ्यातल्या गळतीने कुजली. नव्या दारांच्या चौकटीची आतली कड जुन्यासारखीच राउटरने, म्हणजे लाकडाची कड कोरणाऱ्या यंत्राने, काढून हवी होती, म्हणून मी मिस्त्रींना सूचना लिहून दिल्या आणि ‘प्रोफाइल’साठी ‘पार्श्वचित्र’ हा शब्द योजला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराचे बाजूने दिसणारे चित्र, बिजागऱ्यांसकट, माझ्या हातात ठेवले. चूक त्यांची नव्हती. पट्टी आडवी कापल्यावर कडेची जी आकृती दिसते आणि राउटरमध्ये बसवायच्या बिटाच्या, म्हणजे कापणाऱ्या अवजाराच्या, पात्यावर जी उलटी असते, तिला नेमके काय म्हणावे?

रंधा : माझे वडील सुतार होते आणि ते तिला ‘कंगोरा’ म्हणत. हल्ली प्रश्नांनाच तेवढे कंगोरे उरले आहेत. शब्दाचे काहीही होवो, रंगवलेली कड नुसती पाहून बिट आणू नका. तैलरंगाचे थर चढले की गोलाईशेजारची बारीक पायरी बुजून जाते. कुजलेल्या दाराचा तुकडा आडवा कापा, रंग खरवडा आणि तो कागदावर ठेवून टोकदार पेन्सिलीने गिरवून घ्या. शिवाय अशा दारांना बिटांची जोडी लागते. एक बिट पट्ट्यांच्या आतल्या कडेला कंगोरा आणि खोबण काढते, तर दुसरे आडव्या पट्टीच्या टोकांवर त्याच कंगोऱ्याचा उलटा आकार कापते. दोन्ही एकाच जोडीतली नसतील, तर सांध्यात फट राहते.

शुद्धमती : ‘कंगोरा’ हा फारसी ‘कुंगरा’पासून आलेला असून त्याचा मूळ अर्थ तटावरचे दाते असा आहे. ते दाते समोरून दिसतात. येथे प्रश्न आडव्या छेदाचा असल्यामुळे ‘छेदाकृती’ हाच शब्द अर्थाला धरून आहे.

रंधा : नागदेवी स्ट्रीटवरच्या अवजारांच्या दुकानात जाऊन ‘छेदाकृती’ मागून पाहावी, दुकानदार भोके पाडण्याचे गिरमिट काढून देईल. आणि फारसीचेच वावडे असेल, तर ‘रंधा’ही फारसीच आहे. तोही पेटीतून काढून टाकायचा का?

सहासूत : ‘प्रोफाइल’ इटालियनमधून आला आणि त्याच्या मुळाशी ‘धागा’ आहे. आपल्याकडे ‘सूत्रधार’चा ‘सुतार’ झाला, आणि सुतार आजही इंचाचा आठवा भाग ‘एक सूत’ म्हणून मोजतो. तेव्हा ‘सूतरेषा’ म्हणायला काय हरकत आहे? हे माझेच अपत्य आहे, त्यामुळे मी त्याचा पक्ष घेणारच. जाता जाता सांगतो, या सुताने मला एकदा फसवले आहे. बिटाची खोबण दोन सूत, म्हणजे ६.३५ मिलिमीटर होती आणि मी तिच्यात ६ मिलिमीटरचा प्लाय बसवला. ते दार लावताना आजही खडखडते.

चाळकरी : तुकडा कापला. रंगाचे पाच थर निघाले, आणि खाली खरोखरच पायरी होती. मिस्त्रींनी गिरवलेला कागद पाहिला आणि क्षणात म्हणाले, “हा तर गोला-गलता!” फुगीर भाग गोला आणि खोलगट भाग गलता.

शुद्धमती : ते एका विशिष्ट आकाराचे नाव झाले. आपला प्रश्न सर्व आकारांना लागू पडेल अशा जातिवाचक शब्दाचा होता. शिवाय मराठीत ‘गलता’ नव्हे, ‘गलथा’ म्हणावे.

सहासूत : मला तर त्यात ‘गळा’च दिसतो. जोत्याच्या थरांमधल्या आत गेलेल्या भागाला संस्कृतात ‘गल’ किंवा ‘कंठ’ म्हणतातच. शके ९८२ मधल्या, म्हणजे इ. स. १०६० च्या अंबरनाथच्या शिवमंदिराचे जोते एकदा जवळून पाहा. त्याच्या थरांमध्ये हाच फुगीर-खोलगट खेळ दगडात चालला आहे.

रंधा : दगडाला राउटर लागत नाही. चाळकरी, बिटाचा दांडा तेवढा तपासून घ्या. यंत्राची पकड अर्ध्या इंचाची असेल, तर त्यात १२ मिलिमीटरचा दांडा घट्ट बसत नाही आणि चालू यंत्रात निसटू शकतो.

शुद्धमती : ‘दांडा’ की ‘दांडी’?