अमेरिकेतला ‘स्पॅनिश वारसा’: खरा किती, रंगवलेला किती?

पाटकरी (धागाकर्ता, मुक्काम अल्बुकर्की)

१५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर इथे हिस्पॅनिक वारसा महिना असतो. १९६८ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सनच्या कारकिर्दीत आठवडा म्हणून सुरू झाला, १९८८ मध्ये महिना झाला. ऑफिसात टाको येतात, एक गिटारवाला येतो आणि ‘अमेरिकन संस्कृतीवर स्पॅनिश प्रभाव’ अशी ठरलेली स्लाइड येते: सेंट ऑगस्टीन, फ्लोरिडा, स्थापना १५६५, इंग्रजांच्या जेम्सटाउन वसाहतीच्या ४२ वर्षं आधी. टाळ्या होतात, लोक टाको उचलून आपापल्या टेबलाशी जातात.

स्लाइड खरी आहे, पण आधी कोण आलं यावर आजच्या अमेरिकेत काहीही ठरत नाही. आणि कॅलिफोर्नियातली लाल कौलं, पांढऱ्या कमानी बघून जे लोक ‘काय स्पॅनिश वाटतं ना’ म्हणतात, त्यातलं बहुतेक बांधकाम गेल्या शंभरेक वर्षांतलं आहे. १९२५ च्या भूकंपात सांता बार्बराची मुख्य बाजारपेठ पडली, तेव्हा गावाने ठरवून स्पॅनिश रूप घेतलं. त्याच वर्षी सिअ‍ॅटलच्या एका माजी महापौराने सॅन क्लेमेंटी हे अख्खं गाव ‘स्पॅनिश खेडं’ म्हणून विकायला काढलं. थोडक्यात, प्लॉटची स्कीम.

खरा वारसा माझ्या मते दिसत नाही, तो वाहतो. न्यू मेक्सिकोत सुमारे ७०० असेकिया आहेत, म्हणजे नदीतून काढलेले सामाईक पाट. प्रत्येक पाटाचे हिस्सेदार, त्यांनी निवडलेले तीन कमिशनर आणि एक मायोर्दोमो. आज कोणाचं दार उघडायचं, किती वेळ उघडायचं, हे मायोर्दोमो सांगतो. वसंतात पाणी सोडायच्या आधी पाट साफ करायला हिस्सेदाराने स्वतः यायचं, माणूस पाठवायचा किंवा पैसे भरायचे. मी एका ओळखीच्या म्हाताऱ्यासोबत गेलो होतो. मायोर्दोमो फावड्याच्या दांड्याने मोजून प्रत्येकाचा तुकडा आखून देत होता, आणि मागून येऊन ‘इथे मुळं राहिली’ म्हणून परत खणायला लावत होता. धुळ्याकडे पांझरेवरची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवं काही वाटणार नाही.

बाकी पश्चिम अमेरिकेत पाण्याचा कायदा म्हणजे जो आधी आला त्याचं आधी, मागचा कोरडा राहिला तरी चालेल. पाटावर मात्र टंचाई आली की ती वाटून घ्यायची रीत आहे. हे स्पेनमधून आलं, स्पेनला अरबांकडून मिळालं. व्हॅलेन्सियात आजही दर गुरुवारी कॅथीड्रलच्या दारात पाण्याचं पंचायत-न्यायालय बसतं. स्लाइडवर कौलांऐवजी हे का नसतं?

---

सरळसोट

लेख चांगला, पण ७०० पाटांवरून ‘अमेरिकन संस्कृतीवर प्रभाव’ इथवर उडी? राज्यघटना इंग्रजी परंपरेची, न्यायालयं इंग्रजी पद्धतीची, भाषा इंग्रजी. लॉस एंजेलिस, नेवाडा, कोलोराडो ही स्पॅनिश नावं म्हणजे नुसत्या पाट्या. आज जे स्पॅनिश ऐकू येतं ते विसाव्या शतकातल्या स्थलांतराचं आहे, सोळाव्या शतकातल्या जहाजांचं नाही. २०२० च्या जनगणनेत ६.२१ कोटी हिस्पॅनिक होते. त्यांचा १५९८ मध्ये न्यू मेक्सिकोत स्पॅनिश वसाहत करणाऱ्या ओन्यातेशी संबंध काय?

---

वेशीबाहेरचा

पाटकरीभाऊ, तुम्ही कौलं बाजूला सारलीत हे बरं केलंत, पण ‘स्पॅनिश’ हा शब्द मात्र तसाच ठेवलात. माझा आक्षेप त्यावरच आहे.

१७८१ साली लॉस एंजेलिस वसवलं ते ४४ जणांनी. त्यातल्या मोठ्या माणसांत स्पॅनिश म्हणावेत असे दोघे. बाकी मूलनिवासी, आफ्रिकी वंशाचे, मिश्र. गाव त्यांनी उभं केलं आणि वारसा कोणाचा, तर स्पेनचा.

हे भोळेपणाने झालेलं नाही. १९३० मध्ये त्याच गावात ओल्वेरा स्ट्रीट सजवून पर्यटकांसाठी खुला केला. मेणबत्त्या, गाणी, जुनं रोमँटिक कॅलिफोर्निया वगैरे. दुसऱ्याच वर्षी, १९३१ मध्ये, तिथल्या ला प्लासिता चौकाची नाकेबंदी करून सुमारे ४०० लोकांना अडवून कागदपत्रं तपासली. मंदीचा काळ होता, मेक्सिकन वंशाच्या लोकांना हाकलणं चालू होतं, त्यात अमेरिकेत जन्मलेले नागरिकही गेले. एकाच चौकात एका वर्षाच्या अंतराने एकाचा वारसा आणि दुसऱ्याची हकालपट्टी. कॅलिफोर्नियात मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळा होत्या, त्या मेंडेझ खटल्यामुळे १९४७ मध्ये बंद व्हायला लागल्या. शाळेची इमारत कमानींची असली म्हणून ते पोर आत बसलं असं नाही.

‘स्पॅनिश’ म्हटलं की गोरं, युरोपीय, मेलेलं, म्हणून निरुपद्रवी. ‘मेक्सिकन’ म्हटलं की शेजारी राहायला आलेला माणूस. म्हणून पहिला शब्द आवडतो.

---

माई टेक्सासकर

वेशीबाहेरचा +१.

आमच्या सॅन अँटोनियोत शेजारच्या आजी आहेत, घराणं इथे दोनशे वर्षांचं. शाळेत स्पॅनिश बोललं की दंड भरावा लागायचा. त्या धसक्याने त्यांनी मुलांशी घरात इंग्रजीच बोललं. आता नातीला कॉलेजात क्रेडिटसाठी स्पॅनिश घ्यावं लागतंय आणि आजी तिचा गृहपाठ तपासतात. सरळसोट यांनी म्हटलं तसं जुनं स्पॅनिश आपसूक संपलेलं नाही, मारून संपवलंय. आणि तरीही सगळं संपलं नाही. न्यू मेक्सिकोने १९१२ च्या घटनेतच स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या मतदानाचे नि शिक्षणाचे हक्क लिहून ठेवले.

पाटांचं म्हणाल तर आमच्याकडे एस्पादा मिशनचा (मिशन म्हणजे स्पॅनिश धर्मप्रसारकांचं ठाणं) १७४० च्या दशकातला दगडी जलसेतू अजून पाणी वाहतो. शनिवारी लोक त्याच्या शेजारून सायकली हाणतात, वर बघतही नाहीत.

अवांतर: टेक्सासचं कोन्हुंतो संगीत ऐका. शब्द स्पॅनिश, ताल पोल्काचा, अकॉर्डियन जर्मन शेतकऱ्यांचं. आता हे कोणत्या महिन्यात साजरं करायचं?

---

वसईवाला

+१ अवांतराला :)

एक भर. १५८० ते १६४० स्पेनचा राजाच पोर्तुगालचाही राजा होता. म्हणजे १५९८ मध्ये ओन्याते न्यू मेक्सिकोत वसाहत करत होता तेव्हा आमची वसई आणि गोवा त्याच मुकुटाखाली होते. आमच्याकडे किल्ल्यात प्री-वेडिंगचे फोटो निघतात, चर्चही भरलेली असतात, आणि इन्क्विझिशनचा (चर्चच्या धर्मन्यायालयाचा) विषय काढला की दोन्ही बाजूंनी आरडाओरडा. त्यामुळे ‘वारसा’ शब्दाभोवतीची ही भांडणं ओळखीची आहेत.

---

कायदेबाज (सॅन होजे)

सरळसोट, ‘न्यायालयं इंग्रजी, म्हणजे विषय संपला’ हे पटलं नाही. एक उदाहरण देतो, जे इथल्या बहुतेक मराठी घरांत दर एप्रिलमध्ये कर भरताना टेबलावर असतं.

इंग्रजी कायद्यात लग्न झालं की बाईची कायदेशीर ओळख नवऱ्यात विरघळायची. कमाई त्याची, जंगम मालमत्ता त्याची. स्पॅनिश कायद्यात लग्नानंतर दोघांनी मिळवलेलं अर्धं अर्धं, बायकोचं माहेरचं तिचं. १८४८ नंतर कॅलिफोर्निया अमेरिकेत आलं, तरी १८४९ च्या घटनेत बायकोची स्वतंत्र मालमत्ता लिहून ठेवली गेली. टेक्सासने १८४० मध्ये इंग्रजी कायदा स्वीकारला, पण नवरा-बायकोच्या मालमत्तेपुरता स्पॅनिश नियमच ठेवला. आज अशी नऊ राज्यं आहेत. त्यातल्या विस्कॉन्सिनचा स्पेनशी सुतराम संबंध नाही, तरी त्यांनी १९८६ पासून हेच तत्त्व लागू केलं.

खरी गंमत पुढे आहे. केंद्राचा आयकर आला तेव्हा या राज्यांतली जोडपी म्हणू लागली की नवऱ्याच्या पगारातला अर्धा वाटा कायद्याने बायकोचाच आहे, तर दोघांनी अर्ध्या अर्ध्या उत्पन्नावर कर भरायचा. १९३० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. कर चढत्या दराने असल्यामुळे कॅलिफोर्नियातलं जोडपं तेवढ्याच पगारावर न्यूयॉर्कच्या जोडप्यापेक्षा कमी कर भरायला लागलं. झालं, बाकीच्यांच्या पोटात दुखलं. मिशिगन, नेब्रास्का, पेनसिल्व्हेनिया यांनी १९४७ मध्ये घाईघाईने आपापले कायदे बदलून तोच नियम घेतला. शेवटी १९४८ मध्ये अमेरिकी संसदेने सगळ्या देशाला जोडप्याचं उत्पन्न निम्मं निम्मं धरायची सवलत देऊन टाकली.

आज एच-फोरवर (जोडीदाराच्या व्हिसावर) घरी असलेल्या बायकोचं नाव घालून न्यू जर्सीतला जो कुलकर्णी ‘मॅरीड फाइलिंग जॉइंटली’वर, म्हणजे जोडप्याच्या एकत्र विवरणपत्रावर, टिक करतो आणि हजारो डॉलर वाचवतो, ती सवलत इथून आली आहे. पाटी म्हणायचं का याला?

---

सरळसोट

हे माहीत नव्हतं, मान्य. पण यात ‘संस्कृती’ कुठे आली? करसवलत दिसली म्हणून लोकांनी नियम उचलला. उद्या फिनलंडचा नियम फायद्याचा निघाला तर तोही उचलतील, म्हणून अमेरिका फिनिश होईल का? १९४८ नंतर मिशिगन वगैरेंनी तो कायदा रद्दच केला ना?

---

कायदेबाज

केला, गरज उरली नाही म्हणून. पण कॅलिफोर्नियात लग्न मोडलं की बायको अर्ध्यावर दावा सांगते तेव्हा ती कोणाची मेहरबानी मागत नसते. तिथल्या वकिलाच्या ऑफिसात बसलेल्या दोन माणसांची वागणूक त्याने बदलते. याला संस्कृती म्हणायचं नाही तर फक्त लाल कौलांनाच म्हणायचं का?

---

वेशीबाहेरचा

कायदेबाज, चित्र फार गोड रंगवलंत. अर्धा वाटा कागदावर होता, व्यवहार नवऱ्याच्या हातात. कॅलिफोर्नियात बायकोला सामाईक मालमत्तेवर बरोबरीने कारभार करायचा हक्क मिळाला १ जानेवारी १९७५ पासून. तोवर तिचं अर्धं तिला न विचारता तो लावत होता.

आणि पाटकरींच्या पाटांबद्दल. ओन्यातेने १५९८ मध्ये पहिला पाट खणला म्हणतात. फावडी कोणाच्या हातात होती? तिथल्या मूलनिवासी पुएब्लो लोकांच्या, जे स्पॅनिश यायच्या आधीपासूनच पाणी वळवून मका, घेवडा, भोपळा पिकवत होते. पुढच्याच वर्षी अकोमा गावाने विरोध केला तर गाव उद्ध्वस्त केलं आणि पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांचा एकेक पाय तोडायची शिक्षा दिली. म्हणूनच १९९८ च्या सुमारास, चारशे वर्षं साजरी होत असताना, कोणीतरी रात्री ओन्यातेच्या पुतळ्याचा उजवा पाय कापून नेला. २०२० मध्ये पुतळाच हलवावा लागला.

‘टंचाई वाटून घ्यायची रीत’ छान आहे. ती वाटणी होण्याआधी पाणी कोणाचं होतं?

---

चिंचगुळ

मी फक्त जेवणापुरती बोलते. न्यू मेक्सिकोत हॉटेलात विचारतात ‘लाल की हिरवी?’, म्हणजे मिरचीचा रस्सा कोणता. राज्याचा अधिकृत प्रश्न आहे तो, चेष्टा नाही. मिरची, मका, घेवडा अमेरिका खंडातलेच. डुक्कर, गहू, चीज, जिरं स्पॅनिशांनी आणलेलं. पोसोले म्हणून मक्याचा रस्सा मिळतो त्यात डुक्कर आणि मिरची एकत्र शिजतात. चार तास शिजल्यावर कोणाचं काय ते वेगळं काढून दाखवा.

---

वेशीबाहेरचा

चिंचगुळ, पातेल्यात वेगळं काढता येत नाही, पण पाटीवर ‘स्पॅनिश’ एवढंच लिहिलेलं असतं, हा मुद्दा आहे.

---

पाटकरी

उशिरा आलो, माफी. वेशीबाहेरचा यांचं बरचसं मान्य आहे, पण एक धरून ठेवतो.

१६८० मध्ये पोपे नावाच्या आपल्याच पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली पुएब्लोंनी उठाव केला, स्पॅनिशांना थेट एल पासोपर्यंत पिटाळलं. बारा वर्षं न्यू मेक्सिकोत स्पॅनिश सत्ता नव्हती. पोपेने सगळं स्पॅनिश टाकून द्या असं सांगितल्याच्या नोंदी आहेत, आणि लोकांनी सगळं टाकलं नाही. घोडे ठेवले, मेंढ्या ठेवल्या, गहू ठेवला. बळजबरी करणारा निघून गेल्यावरही जे ठेवलं, ते कोणाचं म्हणायचं? मी म्हणतो त्यांचंच. आणि १६९२ मध्ये स्पॅनिश परत आले तेव्हा वेठीची जुनी एन्कोमिएंदा पद्धत परत आणायची त्यांची हिंमत झाली नाही. म्हणजे जो ‘स्पॅनिश’ न्यू मेक्सिको पुढे टिकला तो पुएब्लोंनी वठणीवर आणलेला होता. या राज्याने अमेरिकी संसदभवनात पुतळा पाठवला तोही, २००५ मध्ये, पोपेचा.

तेव्हा मिशनवाले म्हणतात तसा हा स्पेनने दिलेला वारसा नाही, आणि निव्वळ रंगरंगोटीही नाही. वापरात टिकला तो खरा. याच मापाने कॅलिफोर्नियाची २१ मिशनं मोजा. शेवटचं, सोनोमाचं, १८२३ सालचं आहे, स्पेनची सत्ता जाऊन दोन वर्षं झाल्यावरचं. तरी दारावर स्पॅनिश मिशन म्हणूनच खपतं. ही मिशनं सुरू करणारे पाद्री जुनिपेरो सेरा २०१५ मध्ये संत झाले, २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचा पुतळा पाडला. जिथे मूलनिवासी लोक मरत गेले तिथे वारसा म्हणून इमारत उरली, हे मला पाटाच्या पंगतीला बसवता येत नाही.

---

वेशीबाहेरचा

‘वापरात टिकलं ते त्यांचंच’ हे मान्य. मग धाग्याचं नाव बदला.

---

सरळसोट

संपादकांना सांगा, धागाकर्त्याला शीर्षक बदलता येत नाही. बाकी कायदेबाज, एक शंका: कॅलिफोर्नियात कमावून न्यू जर्सीला बदली झाली, तर त्या पैशांवर बायकोचं अर्धं राहतं का? मित्रासाठी विचारतोय.

---

कायदेबाज

साधारणपणे राहतं. राज्य बदललं म्हणून आधी कमावलेल्याची जात बदलत नाही. तरी मित्राला वकील गाठायला सांगा, आणि शक्यतो बायकोच्या आधी.