फुल बॉडीड वाइन: भरदार, दाट की जड?

प्रश्न: एका वाइनच्या वर्णनाचं मराठी करतेय. 'फुल बॉडीड, ओक एज्ड रेड' इथे गाडी अडली आहे. 'जड अंगाची' लिहिलं तर डोळ्यांपुढे पैलवान उभा राहतो. नेमका अर्थ काय, आणि मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद: बॉडी म्हणजे घोट तोंडात घोळवताना जाणवणारं वजन. मद्यार्क, ग्लिसरॉल (आंबवताना तयार होणारा दाटसर पदार्थ) आणि द्राक्षांच्या सालीतून उतरलेले घटक यांमुळे ते येतं. साधारण १३.५ टक्क्यांच्या वर मद्यार्क असलेल्या रेड वाइन सहसा या गटात धरतात. कॅबर्ने सॉव्हिन्यों, सिरा, माल्बेक ही त्यासाठीची नेहमीची द्राक्षं. पिनो न्वार बहुतेकदा हलकी. मी 'भरदार' लिहीन.

प्रतिसाद: सरळ 'कडक' का नको? सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद: कळतं, पण चढण्यापुरतंच. 'दाट' त्यातल्या त्यात बरा. मात्र वाचणारा तो रंगाला लावेल, आणि रंगावरून बॉडी ठरत नाही. इटलीतली बारोलो घ्या. नेब्बिओलो द्राक्षाची, दिसायला फिकट, पण तोंडात चांगलीच भरदार. भरदार माझ्याकडूनही मान्य.

प्रतिसाद: आता ओक, म्हणजे ज्याच्या लाकडाची वाइनची पिंपं करतात ते झाड. हा शब्द एकटा सोडू नका. मराठीत तो एक तर आडनाव वाटतो, नाहीतर आज्ञार्थ, आणि वाइनच्या शेजारी तो आज्ञार्थ फारच वाईट! 'ओकच्या पिंपात' असं लिहा. हिंदीतला 'बलूत' घ्यायचा मोह टाळा, आपल्याकडे बलुतेदार आठवतील.
'एज्ड'ला 'जुनी' चुकीचं. जुनी वाइन नुसती बाटलीत पडून राहिलेलीही असू शकते. 'मुरलेली' म्हणा, लाकडात जे घडतं ते या क्रियापदात बरोबर बसतं. पिंपातून किंचित हवा आत शिरते, टॅनिनचे, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या घटकांचे, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तुरटपणा मवाळ होतो. शिवाय लाकूड आपला वास देतं: अमेरिकी ओक व्हॅनिला आणि नारळाचा, फ्रेंच ओक जरा संयत, मसाल्याकडे झुकणारा. पिंप आतून भाजलेलं असतं, म्हणून धुराची किंवा कॉफीची छटाही येते. तीन-चार वेळा वापरलेल्या पिंपाकडून मात्र वासाची फार अपेक्षा नको. स्पेनच्या रिओहा भागात तर मुरण्याचा काळ लेबलवरच्या शब्दात बांधलेला आहे. रेड वाइनवर 'क्रियान्सा' असेल तर किमान दोन वर्षं, त्यातलं निदान एक ओकच्या पिंपात.

प्रश्न: मजकुरात पुढे 'ड्राय' आहे. जीभ कोरडी पडते, तेच ना?

प्रतिसाद: नाही. ड्राय म्हणजे गोडवा नसलेली, साखर जवळजवळ सगळी आंबवण्यात संपलेली. जीभ कोरडी पडते ती टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतात म्हणून. त्याला आपला 'तुरट' आहेच. आयुर्वेदाच्या सहा रसांतला कषाय तो हाच. 'कडू' हा त्याहून वेगळा. ड्रायला 'बिनगोड' लिहा, 'कोरडी वाइन' नको.

प्रतिसाद: एक शंका. काही वाइनमध्ये पिंपाऐवजी ओकचे तुकडे टाकून वास आणतात. मूळ मजकुरात पिंपाचा उल्लेख आहे का, ते बघा. नसेल तर 'पिंपात मुरलेली' हे तुम्ही पदरचं घालाल.

प्रश्न: आहे, बारा महिने फ्रेंच ओकच्या पिंपात. मग 'भरदार, ओकच्या पिंपात मुरलेली, बिनगोड रेड वाइन'. 'रेड'चं 'तांबडी' करू?

प्रतिसाद: नको. रेडच राहू द्या.