मॅक्रो म्हणतो लाल लॉट एकच, डोळ्यांना दिसतात सत्तावीस

उदगीरचा मुनीम

राम राम मंडळी. आडतीवर मुनीम आहे, सोयाबीनचा सीझन ऐन भरात आहे. अडलोय, म्हणून विचारतो.

दिवसभरातले लॉट एक्सेलमध्ये टाकतो. डी कॉलमात क्विंटल, ई मध्ये मॉइश्चर (मालातला ओलावा), एफ मध्ये माती. मॉइश्चर 12 च्या वर गेलं की सेल लाल व्हावा असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावलंय. ते झकास चालतं. रोज संध्याकाळी शेठना लाल लॉट किती आणि त्यांचे क्विंटल किती, एवढं सांगावं लागतं. आतापर्यंत बोट ठेवून मोजायचो. काल 210 ओळी होत्या, ई5 ते ई214. मधेच एक शेतकरी पट्टी मागायला आला आणि मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून. शेठ आतून ओरडले, "काय करूलालास रे अजून?"

म्हणून मॅक्रो लिहिला, म्हणजे एक्सेलकडून काम करून घेणारा छोटा प्रोग्राम. एच1 मध्ये तोच लाल रंग भरला आणि प्रत्येक सेलचा रंग त्याच्याशी ताडून पाहिला. कोड मराठी अक्षरांत देतो, मोबाईलवर इंग्रजी टाकलं की तो आपल्या मनाने शब्द बदलतो:

फॉर ईच सी इन रेंज("ई5:ई214")
इफ सी.इंटिरियर.कलर = रेंज("एच1").इंटिरियर.कलर देन एन = एन + 1
नेक्स्ट

उत्तर आलं 1. डोळ्यांनी दोनदा मोजले, 27 आहेत. मॅक्रो लिहायच्या एडिटरात कंट्रोल जी दाबून खालच्या खिडकीत एका लालभडक सेलचा रंग विचारला तर 16777215 म्हणतोय. एच1 चा 255 येतो. एक्सेल 2016 आहे. काय चुकतंय?

परभणीकर

सी.फॉरमॅटकंडिशन्स.काउंट बघा. शून्यापेक्षा जास्त असेल तर त्या सेलला कंडिशनल फॉरमॅटिंग आहे. माझ्याकडे चालतं.

उदगीरचा मुनीम

दादा, करून बघितलं. 210 पैकी 210! म्हणजे उदगीरचं अख्खं सोयाबीन ओलं.

जालन्याचा मास्तर

परभणीकरांनी सांगितलेलं चूक नाही, पण तो प्रश्न वेगळा. सेलला नियम लावलाय का, हे काउंट सांगतो. नियम आत्ता लागू झालाय का, हे नाही. तुम्ही पूर्ण कॉलमाला नियम लावला, म्हणून 210. नियम कुठे कुठे पसरलाय एवढंच शोधायचं असेल तर सेल्स.स्पेशलसेल्स(एक्सएलसेलटाइपऑलफॉरमॅटकंडिशन्स) एका ओळीत सगळे सेल धरून देतं. मात्र शीटवर एकही नियम नसेल तर 1004 ची एरर फेकतं, ती आधी सांभाळा.

आता तुमचं 16777215. तो पांढरा. इंटिरियर.कलर फक्त सेलला स्वतःचा भरलेला रंग वाचतो. कंडिशनल फॉरमॅटिंगचा लाल हा वरून पांघरलेला, खाली सेल कोराच आहे. पांघरूण धरून जे दिसतं ते वाचायला एक्सेल 2010 पासून डिस्प्लेफॉरमॅट आलं. तुमच्या ओळीत सी च्या पुढे तेवढंच घाला: सी.डिस्प्लेफॉरमॅट.इंटिरियर.कलर. त्याआधीच्या एक्सेलमध्ये प्रत्येक नियमाचा फॉर्म्युला काढून आपणच तपासावा लागायचा. नुसती डोकेदुखी.

उदगीरचा मुनीम

मास्तर, बटण काढायचा कंटाळा म्हणून याचं फंक्शन केलं आणि सेलमध्ये =लालमोज(ई5:ई214) लिहिलं. #व्हॅल्यू अशी एरर आली.

जालन्याचा मास्तर

येणारच. सेलमधल्या फॉर्म्युल्यातून बोलावलेल्या फंक्शनमध्ये डिस्प्लेफॉरमॅट चालत नाही. साधा सब ठेवा, म्हणजे फॉर्म्युल्यातून न बोलावता थेट चालवायचा मॅक्रो, आणि बटणाला जोडा.

उदगीरचा मुनीम

27! मास्तर, बरोब्बर 27. चहा माझ्याकडून, उदगीरला आलात की.

अंबाजोगाईची हिशेबनीस

भाऊ, चहा प्यायच्या आधी एक विचारते. रंग कशाला मोजता? तो लाल कशामुळे झाला हे तुम्हाला माहीत आहे ना, 12 च्या वर. मग तेच मोजा: =काउंटइफ(ई5:ई214,">12"). क्विंटलसाठी =समइफ(ई5:ई214,">12",डी5:डी214). मॅक्रो नको, बटण नको, आकडा टाकला की बेरीज बदलते. उद्या शेठनी 12 चं 14 करायला सांगितलं तर? ती हद्द एच2 मध्ये लिहा आणि नियम व फॉर्म्युला दोन्ही तिकडेच वळवा. नियम दुसऱ्याने लावलेला आहे आणि आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा मास्तरांचा रस्ता. आमच्याकडे ऑडिटला अशा फाइली येतात.

उदगीरचा मुनीम

ताई, तुमच्या फॉर्म्युल्याने 25 येतंय. आता कुणाचं खरं धरू?

अंबाजोगाईची हिशेबनीस

25 च खरं असणार. दोन सेल खोटे लाल आहेत. ई कॉलमात डावीकडे चिकटलेला आकडा दिसतो का बघा. आकडा आपोआप उजवीकडे बसतो, डावीकडे असेल तर एक्सेलने त्याला अक्षरं समजलंय. आणि एक्सेलच्या तुलनेत अक्षरं कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी, म्हणून नियम त्याला लाल करतो. काउंटइफ मात्र ">12" म्हटलं की फक्त आकडेच बघतं.

उदगीरचा मुनीम

सापडला! ओळ 121, मॉइश्चर "10..8". दोन टिंबं पडलीत. आमचा नवीन पोरगा काट्यावरून ओरडून सांगतो आणि मी एका हाताने टाकतो, त्यातलं हे. वाळलेला माल, अन् मी त्याला ओल्यात धरून बसलो होतो. काल पट्टी केली नव्हती हे नशीब.

दुसरा ओळ 38. तिथं मॉइश्चर 11.6, आकडा व्यवस्थित उजवीकडे. डोकं चालंना. मग आठवलं, त्या लॉटला माती जास्त होती म्हणून दुपारी मीच हाताने लाल भरला होता. माझा पहिला मॅक्रो 1 म्हणत होता ना, तो हाच! बिचारा खरं बोलत होता, मीच त्याला शिव्या दिल्या.

आता ई कॉलमाला डेटा व्हॅलिडेशन लावलंय, दशांश आकडा, 5 ते 30. दोन टिंबं टाकून बघितली, घेईना. मास्तरांचं बटणही ठेवलंय. बटणाचं उत्तर आणि ताईंचं उत्तर जुळलं नाही तर कुणीतरी हाताने रंग भरलाय असं समजायचं. बहुतेक मीच.

शेठना 25 सांगितले. म्हणाले, "आता माती 2 च्या वर गेली की पिवळं कर." ताई, एकाच ओळीत ई लाल आणि एफ पिवळा असे दोन्ही असतील ते लॉट वेगळे मोजायला काउंटइफ्स लागेल ना?

अंबाजोगाईची हिशेबनीस

हो. =काउंटइफ्स(ई5:ई214,">12",एफ5:एफ214,">2"). एफ लाही व्हॅलिडेशन लावा आधी.